जुनी फुल सस्पेन्शन भंगारात काढा म्हणे!

सायकलवाल्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतोय. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची फुल सस्पेन्शन एमटीबी, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी डोंगरवाटांची सायकल, दुरुस्त करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. कारणं पाच: २६ इंची चाकांना टायर मिळत नाहीत, मागचा शॉक (धक्के झेलणारा दट्ट्या) गेला की सायकल गेली, नवे गिअर बसत नाहीत, फ्रेमची ठेवण जुनाट झाली, आणि तेवढ्याच पैशांत नवी येते. यातलं एक बऱ्यापैकी खरं आहे. बाकीची ऐकीव.

टायरचं आधी उरकू. डर्ट जंपच्या, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या सायकली आजही २६ इंचावरच चालतात, त्यामुळे मॅक्सिससारख्या कंपन्या त्या मापाचे चांगले टायर अजून काढतात. कोपऱ्यावरच्या दुकानात नसतील, मागवावे लागतील, एवढंच. खरी अडचण फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, आणि त्याबद्दल हा सल्ला चकार शब्द काढत नाही. जुन्या फोर्कची वरची, फ्रेममध्ये शिरणारी नळी बऱ्याचदा सरळ, १⅛ इंची. नवे चांगले फोर्क बहुतेक टेपर्ड, म्हणजे नळी खाली दीड इंचापर्यंत रुंद होते. हेडट्यूब, म्हणजे ती नळी जिच्यात बसते तो फ्रेमचा पुढचा भाग, आतून ४४ मिलिमीटर असेल तर बेअरिंगचा खालचा कप बाहेरून लावून असा फोर्क बसतो. ३४ असेल तर विषय संपला. आधी व्हर्नियर (माप घ्यायचा कॅलिपर) लावा, मग खरेदीचं बोला.

आता शॉक. ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं? बहुतेकदा सील. एअर कॅनची, म्हणजे शॉकच्या हवा भरलेल्या डब्याची सर्व्हिस दर ५० तासांनी करा असं शॉक बनवणारी रॉकशॉक्स सांगते. आपल्याकडे वर्षानुवर्षं तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. हवा पूर्ण सोडायची, कॅन फिरवून उघडायचा, काळं पडलेलं तेल पुसायचं, किटमधले नवे सील बसवायचे. अपवाद एकच: हवा भरूनही शॉक आखडलेलाच राहिला, तर हवा आतल्या सीलमधून निगेटिव्ह चेंबरमध्ये, म्हणजे शॉकला आत ओढणाऱ्या उलट बाजूच्या कप्प्यात, शिरलेली असते. असला शॉक घरी उघडायला जाऊ नका, दाबाने कॅन उडू शकतो. तो सर्व्हिसवाल्याचंच काम.

मागचा खडखडाटही उगाच शॉकच्या माथी मारतात. सीट धरून मागचं चाक जमिनीवरून जेमतेम उचला आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर टेकवा. ‘कट्’ कुठे होतं ते बोटालाच कळतं. बऱ्याचदा शॉकच्या टोकाचं बुश झिजलेलं असतं, नाहीतर लिंकेजचं, म्हणजे मागच्या हलत्या सांध्यांचं बेअरिंग. बेअरिंगवर नंबर असतो. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिलिमीटर. तो नंबर घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर सायकल कुठल्या सालची हे कुणी विचारणार नाही. मिळालं तर बिनपिंजऱ्याचं, छरे गच्च भरलेलं घ्या. सांधा पूर्ण फिरत नाही, काही अंशच हलतो, त्यामुळे भार त्याच त्या छऱ्यांवर येतो. छरे जास्त तितका तो वाटला जातो.

शॉक खरंच मेला असेल तरी २००×५७ किंवा १९०×५० (लांबी × दबण्याची चाल, मिलिमीटरमध्ये) अशा जुन्या मापांचे अजून मिळतात. ट्रेक कंपनीचा स्वतःचा डीआरसीव्ही किंवा स्पेशलाइज्डचे खास जोडणीवाले शॉक असतील तर मात्र डोकेदुखी. तशी सायकल मी फुकटातही विचार करूनच घेईन.

गिअरचा मुद्दा तर साफ चुकीचा. जुन्या नऊ गिअरच्या शिमानो फ्रीहबवर (मागच्या चाकाचा गिअर बसतात तो भाग) शिमानोच्याच डिओरे मालिकेची ११ गिअरची ११-५१ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसते. शिफ्टर, डिरेलर आणि चेन अर्थातच नवी लागेल. पुढच्या तीन चकत्यांच्या जागी ३२ दात्यांची एकच नॅरो-वाइड (आलटून-पालटून अरुंद-रुंद दात्यांची, चेन न सुटणारी) चकती लावा. जुना सर्वांत हलका गिअर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५, नवा ३२ भागिले ५१, म्हणजे ०.६३. चढाला उलट थोडा हलकाच. सपाट डांबरी रस्त्यावर पळवायला ४४ ची चकती नसेल, पण त्यासाठी फुल सस्पेन्शन कोण घेतं?

फ्रेमच्या ठेवणीचं मात्र मान्य. तेव्हाचा हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा कल, ६९ अंशांच्या आसपास, आताच्या ट्रेल सायकलींचा ६५ च्या. फोर्क २० मिलिमीटर लांब घेतला तर जेमतेम एक अंश पदरात पडतो, आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे गेलात तर हेडट्यूबच्या वेल्डवर ताण. आखूड स्टेम (हँडलबार धरणारा दांडा), रुंद हँडलबार यांनी बराच फरक पडतो. फ्रेमची लांबी काही वाढत नाही. तीव्र उतारावर सुसाट जाणाऱ्याने नवीच घ्यावी. मावळातल्या दगडी पायवाटांवर, जिथे वेग मुळातच बेताचा, तिथे जुनी खुशाल चालते.

राहिली ‘तेवढ्याच पैशांत नवी’. वीस हजारांच्या आत जी ‘डबल सस्पेन्शन’ मिळते, तिच्या मागच्या शॉकमध्ये स्प्रिंग असते, डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणारी सोय, नावालाही नसतं. पेडल मारलं की सायकल उठाबशा काढते. धड नवी फुल सस्पेन्शन याच्या कितीतरी पट महाग.

खर्च करण्याआधी फ्रेम पुसून टॉर्चच्या उजेडात तपासा: शॉक जिथे जोडलाय ती जागा, हेडट्यूबच्या खालचं वेल्ड, चेनस्टे (चेनलगतची मागची आडवी नळी). केसासारखी रेघ दिसली तर तिथला रंग थोडा खरवडा. खाली धातूतही नख अडकलं, तर त्या फ्रेमवर दमडी घालू नका. पार्ट सुटे करून विका. जुन्या मापाचे शॉक आणि क्रँक शोधणारे बरेच असतात.