कॅप्टनने खुर्चीत कसं बसावं?

जानेवारी २०२६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या भविष्यकथांच्या अमेरिकी मालिकांतली ‘स्टार ट्रेक : स्टारफ्लीट अकॅडमी’ ही बत्तिसाव्या शतकात घडणारी नवी मालिका सुरू झाली आणि आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर खडाजंगी पेटली. भांडण कथेवरून नव्हतं, अभिनयावरूनही नव्हतं. कॅप्टन खुर्चीत कशी बसते, यावरून होतं. हॉली हंटरने साकारलेली नाहला आके ही अकॅडमीची कुलगुरू आणि ‘अथीना’ या जहाजाची कॅप्टन. तिचा वंश असा की वय चारशेच्या पुढे गेलेलं, पण दिसते मध्यमवयीन. ही बाई कॅप्टनच्या खुर्चीत अनवाणी, पाय वर घेऊन, अंग मुडपून बसते. ‘खुर्चीचा काही मान आहे की नाही?’ हा पहिला मेसेज पुण्याहून आला आणि मग त्याला दुजोरा देणाऱ्यांची रांग लागली.

हे सगळे जुने ट्रेकप्रेमी आहेत. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पहिल्या मालिकेतले कर्क आणि स्पॉक बघून वेडे झालेले, पुढे केबल आल्यावर ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेच्या नादी लागलेले. मीही त्यांतलीच. त्यामुळे त्यांच्या रागामागचं प्रेम मला चांगलं कळतं, आणि म्हणूनच हा राग कुठे चुकतोय ते लिहावंसं वाटतं.

‘नेक्स्ट जनरेशन’मधला रायकर आठवा. जोनाथन फ्रेक्सने १९८७ पासून सात सीझन ही भूमिका केली. जहाजावरचा दोन नंबरचा अधिकारी. खुर्चीत बसायचं म्हणजे तो पाठीमागून यायचा, खुर्चीच्या पाठीवरून लांबलचक टांग टाकायचा आणि घोड्यावर बसावं तसा बसायचा. चाहत्यांनी या लकबीला ‘रायकर मनूव्हर’ असं लाडाचं नाव दिलं. त्याच्या अशा बसण्याचे तुकडे जोडून केलेले व्हिडिओ आजही आवडीने पाहिले जातात. खुर्चीचा मान तेव्हा कुणाला आठवला नाही. नाहला आकेने पाय वर घेतले आणि लगेच आठवला. मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही बाईला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. ‘नीट बस’ हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की तेविसाव्या शतकात जा नाहीतर बत्तिसाव्या, ते मागे येणारच. माझे मित्र वाईट नाहीत. त्यातल्या दोघांच्या मुली इंजिनियर आहेत आणि बापांना त्यांचा अभिमान आहे. पण सवय खोल असते, आणि ती नेमकी अशा जागी वर येते जिथे आपण बेसावध असतो.

यावर एका मैत्रिणीने लिहिलं, ‘अगं, तू इतकी वर्षं तिकडे राहून तिकडचीच झालीस. तुम्हाला सगळं चालतं.’ मला याचं वाईट वाटलं, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ग्रुपवर जी वाक्यं येतात ती मी आधीच इथे टोरांटोत ऐकलेली असतात, ऑफिसात, इंग्रजीत. ‘वोक झालंय’, ‘कोटा भरलाय’, ‘आमचं ट्रेक मारलं’. अमेरिकेतल्या राजकीय भांडणासाठी तिथे घडवलेली ही भाषा आहे. त्या भांडणाशी पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाचा काय संबंध? आपण ट्रेकवर आपल्या कारणांसाठी प्रेम केलं. मग रागही आपल्या कारणांसाठी यावा.

आणि ‘आता राजकारण घुसलं’ हा आरोप तर ट्रेकच्या बाबतीत टिकतच नाही. १९६६ साली, अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्धचा लढा पेटलेला असताना, या मालिकेने उहुरा या कृष्णवर्णीय बाईला अधिकारी म्हणून जहाजाच्या मध्यवर्ती कक्षात बसवलं. जपानशी झालेल्या महायुद्धाला दोन दशकं होताहेत तोवर सुलू सुकाणूवर होता. शीतयुद्ध ऐन भरात असताना १९६७ मध्ये चेकॉव्ह हा रशियन तरुण आला. पहिल्या पायलट भागात तर जहाजाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती, आणि एनबीसी वाहिनीने तो भाग नाकारला. वेगळेपणाचा सन्मान ही ट्रेकला नंतर चिकटवलेली गोष्ट नाही. ती काढून घेतली तर मागे नुसती चकचकीत जहाजं उरतील.

आपल्याला तर हा आरोप करताना दोनदा विचार करायला हवा. खान नूनियन सिंग हा ट्रेकमधला सर्वांत गाजलेला खलनायक. १९६७ च्या भागात त्याची ओळख उत्तर भारतातला, बहुधा शीख, अशी करून दिली आहे. भूमिका केली रिकार्दो माँतालबान या मेक्सिकन नटाने. त्याने ती जबरदस्त केली, १९८२ च्या चित्रपटात तर अजरामर केली, यात शंकाच नाही. पण २०१३ मध्ये खान परत आला तेव्हा तो बेनेडिक्ट कंबरबॅच होता, गोरापान इंग्रज. माझी मुलगी इथेच वाढली. तिला मी हौसेने १९६७ चा तो भाग दाखवला, तर तिने मध्येच थांबवून विचारलं, ‘याचं नाव सिंग आहे, मग हा भारतीय का नाही?’ तेव्हाची पद्धत वगैरे मी सांगितली. ‘आणि २०१३ मध्ये?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुंबईच्या पर्सिस खंबाटाला १९७९ च्या पहिल्या चित्रपटात इलियाची मोठी भूमिका मिळाली. तिने त्यासाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले. एवढ्या मोठ्या विश्वात ठळकपणे आठवावी अशी आपली खूण म्हटली तर ती.

घरी, आपल्या माणसांत राहणाऱ्याला पडद्यावर आपल्यासारखं कुणी दिसतंय का, हा प्रश्न पडत नाही. तिथे सिनेमा, मालिका, नाटक, सगळीकडे आपलीच माणसं. मलाही तिथे असताना कधी पडला नव्हता. टोरांटो परिसरात २०२१ च्या जनगणनेनुसार जवळपास निम्मे लोक दुसऱ्या देशात जन्मलेले आहेत. इथल्या शाळेत वर्गात वीस मुलं असली तर त्यांच्या घरी दहा भाषा बोलल्या जातात. अकॅडमीतल्या कॅडेटांमध्ये युद्ध नको म्हणणारा, पक्षी न्याहाळणारा क्लिंगॉन, म्हणजे ट्रेकमधल्या लढवय्या वंशातला, मुलगा आहे, होलोग्राम, म्हणजे प्रकाशातून घडवलेली, मुलगी आहे, आईपासून तोडलेला बंडखोर पोरगा आहे. मुलीला यात कुठलाही प्रचार दिसत नाही, तिला तिचा वर्ग दिसतो. भारतातल्या माझ्या मित्रांना तोच वर्ग बनावट वाटतो. दोघांचं पाहणं प्रामाणिक आहे, पण बनावट ठरवण्याआधी अशी खोली खरोखर असते एवढं तरी मानायला हवं.

जुन्या चाहत्यांनी नव्या ट्रेकला दारातच अडवण्याची परंपराही जुनी आहे. १९८७ मध्ये कर्क-स्पॉकशिवाय ट्रेक हा अपमान होता, आणि टक्कल असलेला, फ्रेंच नावाचा, इंग्रजी ढंगात बोलणारा कॅप्टन तर चेष्टेचा विषय. आज त्याच कॅप्टनचं, पिकार्डचं नाव निघालं की हेच लोक हळवे होतात. १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ आली तेव्हा तक्रार अशी की जहाजच नाही, स्थानक कुठे जाणार? आज ट्रेकमधलं सर्वांत प्रगल्भ लेखन म्हणून अनेकजण तिच्याकडेच बोट दाखवतात. आपल्याकडे संगीत नाटक नव्या संचात आलं की पहिल्या अंकाच्या आत बालगंधर्वांचा दाखला निघतो, तसंच हे. दाखला द्यायला हरकत नाही, पण अंक तर संपू द्यावा.

आता माझ्या तक्रारी. त्या आहेत आणि मोठ्या आहेत. बत्तिसाव्या शतकातली ही पोरं आजच्या टोरांटोतल्या कॉलेजच्या पोरांसारखी बोलतात. त्यामुळे अकराशे-बाराशे वर्षांचं अंतर जाणवतच नाही, आणि ते जाणवणं हा विज्ञानकथेचा अर्धा आनंद असतो. प्रेमप्रकरणं लवकर येतात. शिकणं मागे पडतं. ‘बर्न’ नावाच्या आपत्तीने ग्रहांचं संघराज्य मोडून पडलं होतं आणि शंभराहून अधिक वर्षांनी अकॅडमीची नवी तुकडी भरते आहे, ही कल्पना फार मोठी आहे. मोडलेली संस्था पुन्हा उभी करताना जुने नियम किती ठेवायचे, कोण शिकवणार, अविश्वास असलेल्या ग्रहांची मुलं कशी एकत्र राहणार? पहिल्या भागांत हे प्रश्न उचलले जातात आणि मारामारी सुरू झाली की खाली ठेवले जातात. आणि दहा भागांचा सीझन हे या सगळ्याचं मूळ आहे. जुन्या मालिकांना वर्षाला पंचवीस-सव्वीस भाग मिळायचे. त्यांतले काही टाकाऊ असायचे, पण त्या सैल जागेतच डेटा नावाचा यंत्रमानव मांजर पाळायचा, पात्रं पत्ते खेळायची आणि आपल्या घरची व्हायची. इथे कुणाला बसायला वेळच नाही.

ही मालिका माझ्याच शहरात चित्रित झाली. ‘डिस्कव्हरी’ या आधीच्या मालिकेपासून ट्रेकची जहाजं इथल्या स्टुडिओत बांधली गेली. अकॅडमीचं प्रचंड प्रांगणही इथलंच. आमच्या इमारतीत एक सुतार राहतात, चित्रपटांचे सेट उभारण्यात आयुष्य गेलेले. ते स्वतः जुन्या ट्रेकचे भक्त आहेत आणि नवी मालिका त्यांना विशेष आवडलेली नाही. पण लिफ्टमध्ये भेटले की ते बोलतात ते जिन्याच्या वळणाबद्दल, लाकडावर धातूचा भास कसा आणतात त्याबद्दल. ‘मेलं ते ट्रेक’ असं त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. आवडलं नाही, तर काय आवडलं नाही ते सांगतात.

दुसरा सीझन पहिला दिसण्याच्या कितीतरी आधी मंजूर झाला होता, तेव्हा आपल्या रागाने तो थांबणार नव्हताच. माझी त्याच्याकडून अपेक्षा साधी आहे. एक अख्खा भाग वर्गात घालवा. रॉबर्ट पिकार्डोचा डॉक्टर शतकानुशतकं जगलेला होलोग्राम आहे, त्याला शिकवू द्या. एखाद्या कॅडेटला नापास होऊ द्या आणि ते नापास होणं पुढच्या भागात कुणी विसरू नका. ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा पुण्याच्या मित्राने पहिल्यांदाच खुर्ची सोडून उत्तर दिलं : नापास कुणाला करायचं, क्लिंगॉनला की त्या बंडखोराला? तो बंडखोराच्या बाजूने होता. मी क्लिंगॉनच्या.