भाचा सस्पेन्स खात्यात

तुर्भ्याच्या मसाला बाजारात एका पेढीवर मी सत्तावीस वर्षं हिशेब लिहितोय. जिरं, धने, लाल मिरची, काहीच आता नाकाला झोंबत नाही. तेरीज, म्हणजे नावे आणि जमा बाजूंची बेरीज, जुळली नाही की मात्र झोंबतं. एक रुपयाचा फरक असला तरी रात्री मी कूस बदलत राहतो. "एक रुपया मी देते, पण झोपा," असं बायको म्हणते. तिनं दिलेल्या रुपयाची नोंद कुठल्या खात्यात करायची, या विचारानं उरलेली झोपही जाते.

माझी ही ख्याती साताऱ्यापर्यंत पोचलेली असल्यामुळे यंदा जूनमध्ये बहिणीचा फोन आला. "दादा, तू हिशेबातला माणूस. तुला कागदं कळतात. पोराचं तेवढं कॉलेज बदलून दे."

मूळ भानगड दाजींच्या बदलीची. दाजी सरकारी नोकरीत. साताऱ्याहून बेलापूरला त्यांची बदली झाली ती अर्ध्या पानावर. वर जावक क्रमांक, मधे चार ओळी, खाली सही आणि 'तात्काळ रुजू व्हावे'. पाचव्या दिवशी दाजी बेलापूरला खुर्चीत बसून चहा पीत होते. क्वार्टर मिळेपर्यंत भाचा आमच्याकडे, ठाण्यात कोपरीला. त्यानं साताऱ्यात बी.कॉम.चं पहिलं वर्ष पूर्ण केलेलं. इथे त्याला दुसऱ्या वर्षाला बीएएफमध्ये, म्हणजे बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्सला जायचं होतं. मी मनात म्हटलं, बापाची बदली अर्ध्या पानात होते, तर पोराची पाव पानात व्हायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही ठाण्याच्या दहा नंबरवरून नेरुळची गाडी पकडली. कॉलेज त्याच बाजूला. (कुठलं ते सांगत नाही, भाच्याला अजून तिथेच शिकायचंय.) दिघा, ऐरोली, रबाळे अशी स्टेशनं मागे पडत होती आणि मी भाच्याला अभिमानानं सांगत होतो, "बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १८५३ मध्ये, १६ एप्रिलला. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ ला. म्हणजे विद्यापीठाच्याही आधी चार वर्षं आपण अप-डाउन करतोय." भाचा कानात ते पांढरं यंत्र घालून बसला होता. त्यानं मान हलवली, पण ती गाण्याच्या तालावर होती.

कॉलेजच्या खिडकीत एक मॅडम होत्या. चष्मा कपाळावर, रबरी अंगठा उजव्या हातात. भाच्यानं फाइल पुढे केली.

"टीसी आहे का?"

ठाणेकराला हा प्रश्न विचारला की हात आपोआप खिशातल्या पासाकडे जातो. माझाही गेला. मॅडम म्हणाल्या, "पास नको. ट्रान्स्फर." मग त्यांनी मला बाजूला घेतल्यासारखा आवाज केला आणि समजावून सांगितलं. ठाण्याच्या कॉलेजातला मुलगा नेरुळच्या कॉलेजात आला तर विद्यापीठ तेच राहतं. त्याला ट्रान्स्फरन्स सर्टिफिकेट. आमचा साताऱ्याचा, म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. त्याला मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलल्याचा दाखला. शिवाय जुन्या कॉलेजचा दाखला, त्यांची ना हरकत, पहिल्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि इथल्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेची मंजुरी. एक विद्यापीठ १९६२ चं, दुसरं १८५७ चं. मधे एकशे पाच वर्षं आणि दोन घाट.

"आणि बारावीला एका बैठकीत पंचेचाळीस टक्के लागतात. राखीव असेल तर चाळीस."

"एकाहत्तर आहेत," मी छाती काढून म्हणालो. त्या दिवशी आमच्या फाइलीत तेवढाच एक आकडा असा होता की ज्यावर कोणी काही बोललं नाही.

साताऱ्याच्या कॉलेजला फोन लावला. तिकडचे क्लार्क अतिशय प्रेमळ. "देतो की दाखला, का नाही द्यायचा? तुमचा तिकडं प्रवेश झाल्याचं पत्र तेवढं पाठवा." मी खिडकीकडे वळलो. मॅडम म्हणाल्या, "प्रवेश देतो ना, का नाही देणार? दाखला तेवढा आणा."

आता माझ्यासारख्या माणसाला हे किती लागतं ते सांगतो. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या एका साधूनं १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत छापून ठेवली. गोष्ट साधी आहे. घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याचं जमा करा, आणि दोन्ही एकाच नोंदीत. मिरचीचं पोतं गोदामातून निघालं की त्याच क्षणी कोणाच्या तरी नावे पडतंच. पोतं हवेत लटकत राहिलंय, अशी नोंद गेल्या पाचशे वर्षांत कोणी केलेली नाही. भाचा मात्र लटकला. साताऱ्याच्या वहीतून तो निघायला तयार, नेरुळच्या वहीत शिरायला तयार; पण आधी तिकडची ओळ लिहायची की आधी इकडची, यावर दोन्ही प्रेमळ माणसं अडून बसलेली.

जिचा ठिकाणा लागत नाही अशी रक्कम ठेवायला आमच्यात एक खातं असतं. सस्पेन्स खातं. चूक सापडेपर्यंत फरक तिथे झोपवून ठेवायचा. भाचा आमच्या हॉलमध्ये, टीव्हीखाली, सतरंजीवर झोपत होता. "सस्पेन्समध्ये आहे बिचारा," मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "सस्पेन्समधला माणूस सकाळी सहा पोळ्या खातो. ते कुठल्या खात्याला टाकताय?"

पुढच्या आठवड्यात मायग्रेशन आलं. खरं सांगायचं तर मी सगळ्यात जास्त घाबरलो होतो ते त्याला, आणि तेच सगळ्यात आधी आलं. अडलं भलतंच. "आपार आयडी?" मॅडमनी विचारलं. भाच्यानं मोबाईल काढून विद्यार्थ्याच्या त्या ओळख क्रमांकाचे बारा आकडे दाखवले. २०२१ पासून विद्यार्थ्यांची म्हणे क्रेडिटची बँक आहे. शिकलेलं सगळं तिथे जमा होतं, वर्षाला चाळीस-चव्वेचाळीस क्रेडिट, आणि मुलगा दुसरीकडे गेला की ते त्याच्यामागे जातात. हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बँक आणि क्रेडिट म्हणजे आपलं क्षेत्र! मी म्हटलं, "मॅडम, शिल्लक समोर दिसतेय. वळती करून घ्या."

"दिसतेय. पण ही तुमच्या तिकडच्या पेपरांची. आमच्या बीएएफच्या पेपरांशी ताडून बघायला लागेल. जे जुळणार नाहीत ते त्याला जादा द्यावे लागतील. तिकडचा अभ्यासक्रम साक्षांकित करून आणा."

म्हणजे बँक मेळपत्रक. पासबुकात एक शिल्लक, आपल्या वहीत दुसरी, आणि मधला फरक शोधायला तिसरा माणूस. अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स निघाल्या एकशे बारा पानं. झेरॉक्सवाल्यानं मला विचारलं, "काका, पीएचडी का?"

आणि मग आडनाव. भाचा क्षीरसागर. बारावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत 'के-एस-एच-आय', आधारवर 'के-एस-एच-डबल ई'. मराठीत बिचाऱ्याची 'क्षी' दीर्घ लिहितात. एका कारकुनानं ते ऐकलं, दुसऱ्यानं नाही. "दोन्ही व्यक्ती एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करा," मॅडम म्हणाल्या. नोटरीच्या टेबलापाशी उभं राहून एकोणीस वर्षांच्या मुलानं शपथेवर सांगितलं, की मी म्हणजे मीच आहे. नोटरीनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. तेवढ्या वेळात बाहेर पाऊस येऊन गेला.

चौथ्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. खिडकी बंद नव्हती, पण मॅडम आमच्याकडे बघतही नव्हत्या. समोर पावत्यांचा गठ्ठा, रजिस्टर, कॅलक्युलेटर. बाजूचा शिपाई हळूच म्हणाला, "आज नका बोलू. कॅश जुळत नाही."

मला राहवलं नाही. "किती कमी?"

"कमी असती तर खिशातले घातले असते हो," मॅडम न बघता म्हणाल्या. "जास्त येतेय. पाचशे चाळीस. तीनदा टोटल मारली."

जास्त आलेली कॅश ही कमीपेक्षा वाईट. ते दुःख आमच्या जातीलाच कळतं. मी खिडकीच्या गजाला नाक लावून म्हणालो, "पाचशे चाळीसला नऊनं भाग जातो."

त्यांनी पहिल्यांदाच चष्मा डोळ्यांवर घेतला.

"नऊनं भाग गेला की बहुतेक आकडे उलटे पडलेले असतात. साठ वेळा नऊ. म्हणजे शतक आणि दशक यांची अदलाबदल, आणि दोघांत फरक सहाचा. एकाहत्तर-सतरा बघा, ब्याऐंशी-अठ्ठावीस बघा, त्र्याण्णव-एकोणचाळीस बघा."

रबरी अंगठा पावत्यांवरून फिरायला लागला. शिपाई चहा टाकायचा थांबला. मीही टाचा वर करून रजिस्टरात बघत होतो. पान निळ्या शाईनं भरलेलं, दोन ठिकाणी व्हाइटनर. तेराव्या-चौदाव्या ओळीवर अंगठा थांबला. पावती आठशे वीसची. रजिस्टरात दोनशे ऐंशी.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. तसं सुख मी तेरीज जुळल्यावर स्वतःच्या चेहऱ्यावर कधी पाहिलेलं नाही, कारण पेढीवर आरसा नाही. भाचा मात्र कानातलं यंत्र काढून माझ्याकडे बघत होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"मामा, हे कुठल्या पेपरला येतं?"

"याला क्रेडिट नसतं," मॅडमच म्हणाल्या आणि आमची फाइल आत ओढली. पानं उलटली, प्रतिज्ञापत्र वाचलं, मायग्रेशन उजेडाला धरून बघितलं. "हमीपत्र लिहून द्या. दाखला महिन्याभरात आणून देतो, न जुळणारे पेपर जादा देतो, एलिजिबिलिटी आली नाही तर प्रवेश रद्द. तात्पुरता प्रवेश देते. त्याचं पत्र घेऊन साताऱ्याला पाठवा, ते दाखला सोडतील."

मी गजाला धरूनच विचारलं, "मॅडम, ही तात्पुरत्या प्रवेशाची सोय आजपासून सुरू झाली का?"

"छे हो. पहिल्यापासून आहे." त्यांनी गोल शिक्क्यावर हा करून वाफ सोडली. "तुम्ही विचारलंत कुठे?"

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. तुर्भे गेलं, कोपरखैरणे गेलं. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात भाच्याला सस्पेन्समधून काढून रीतसर खात्याला टाकत होतो. घरी बायकोला सांगायचं वाक्यही जुळवून ठेवलं होतं. भाच्यानं फाइलीतून प्रवेशाची पावती काढली आणि बराच वेळ बघत बसला.

"काय झालं?"

त्यानं पावती माझ्यापुढे धरली. रक्कम बरोबर. तारीख बरोबर. वर्ग बरोबर. नावात घोळ 'आय'चा नव्हता, 'डबल ई'चाही नव्हता. 'के'च नव्हता. शिरसागर.

"मामा, उतरू या का?"

गाडी घणसोली सोडत होती. मी दोन्ही नावं बोटांवर मोजून पाहिली. फरक एका अक्षराचा. नऊनं भाग जात नव्हता.