पडदा पडला, पण कुणी पाडला?

'अखेर त्या प्रकरणावर पडदा पडला.' मराठी पेपरांनी हे वाक्य इतकं घासलंय की त्यातला पडदाच दिसेनासा झालाय. पडदा पडला म्हणजे नाटक संपलं, असं कुठल्या नाटकवाल्यानं सांगितलं? पाच अंकी संगीत नाटकात तो प्रत्येक अंकानंतर पडायचा. तिसऱ्या अंकाला पडला म्हणून कुणी चपला घालून घरी जात नव्हतं. चौकशीचा अहवाल आला आणि खटला बाकी असेल, तर फार तर अंक संपला म्हणावं.

दुसरं म्हणजे क्रियापद. 'पडदा पडला' यात कर्ता नाही. 'पडदा टाकला' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी? उपसंपादकाच्या हाताला पहिलं रूप सवयीचं, आणि अंगाशी न येणारंही.

खऱ्या पडद्याला दोरी ओढणारा माणूस लागायचा. कापडाला सरस आणि खडूचा हात देऊन त्यावर रंग चढवायचा, खाली लाकडी दांडा, वर कप्प्या. पडदा घडी करून ठेवला की रंगाला चिरा जातात, म्हणून गुंडाळायचा. ओल लागली की सरस सुटून रंग ओघळतो. दोन्हीकडच्या दोऱ्या सारख्या ओढल्या नाहीत तर पडद्यावर रंगवलेला महाल तिरका वर जातो आणि पिटातून, म्हणजे पुढच्या स्वस्त जागांवरून, शिट्ट्या. हा पडदा 'वर जायचा'. मखमली पडदे आले तेव्हा तो 'सरकायला' लागला. जुन्या नाट्यवृत्तात क्रियापद कुठलं आहे ते बघा, कुठला पडदा होता ते बरंचसं कळतं.

आपल्या कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर बंधूंनी असेच नाटकाचे पडदे रंगवले. आनंदराव १९१६ साली गेले. पुढे बाबूरावांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली आला तो दुसऱ्या पडद्यावर, सिनेमाच्या. 'रुपेरी पडदा' हे नुसतं लाडाचं नाव नव्हे हं. प्रोजेक्टरचा उजेड कमी, म्हणून पडद्याला खरोखरच चंदेरी रंगाचा लेप असायचा. समोरच्याला चित्र झळाळून दिसायचं, कडेला बसलेल्याला अंधुक.

बायकांच्या पडद्याला मात्र संस्थानी घराण्यांत 'गोषा' हा शब्द होता. जुना मजकूर वाचताना हे ध्यानात असलेलं बरं.

आता 'पडद्यामागचा सूत्रधार'. संगीत नाटकाचा सूत्रधार नांदीला सगळ्यांच्या समोर उभा असतो! ही प्रतिमा जुळते ती कळसूत्री बाहुल्यांना, घाट उतरून कोकणात पिंगुळीला गेलात तर दिसतील तशा. तिथं सूत्रं खरोखर पडद्याआडून हलतात. पण पेपरात सूत्रंही पडद्याआड आणि बातमी देणारी 'सूत्रं'ही पडद्याआड.

पडद्यामागचं छापणं पूर्वी महागात पडायचं. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाबद्दल 'केसरी' आणि 'मराठा'नं दिवाण माधवराव बर्वे यांचं नाव घेऊन लिहिलं. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पत्रं पारखायला ते चुकले, पण नावानिशी लिहून चुकले. 'पडद्यामागे हालचालींना वेग' असं लिहिणाऱ्यावर कोण फिर्याद करणार?

राहिला 'पोलादी पडदा'. चर्चिलनी ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतल्या फुल्टनच्या भाषणात वापरल्यावर तो जगभर झाला, पण शब्द मूळचा नाट्यगृहातला. रंगमंचाला आग लागली तर ती प्रेक्षागृहात शिरू नये म्हणून सोडायचा लोखंडी पडदा. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात तो १७९४ साली बसवला होता. मराठीत लोखंडाचं पोलाद झालं, कानाला भारदस्त वाटलं, पण नाट्यगृह त्यातून निसटलं. वाचकाला नुसती भिंत दिसायला लागली. मूळ उपमेत मात्र पडद्याच्या पलीकडे आग आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना बघत उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.