दुरुस्तीनंतरचे ‘पाच घरगुती उपाय’ : एसएमपीएसला हात लावू नका

दुरुस्तीहून परत आलेला कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर दुकानाची पायरी पुन्हा न चढता घरीच पाच उपाय करावेत, असे सांगणारा एक संदेश सध्या इंदूरच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. लोकमान्यनगरातल्या माझ्या मामींनाही तो आला. त्यांचा कॉम्प्युटर नुकताच दुरुस्त होऊन आला होता, पंखे फिरत होते पण पडद्यावर काहीच उमटत नव्हते, आणि संदेश वाचून मामेभाऊ पेचकस घेऊन बसलाही होता. त्याने आधी मला फोन केला म्हणून पुढचे टळले. ज्यांच्या घरी असे विचारायला कोणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला उपाय असा आहे : प्लग काढा, एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा उघडा आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाची दोन टोके पेचकसने जोडा, म्हणजे ‘अडकलेला करंट’ निघून जाईल. यात धोका नाही, कारण प्लग काढल्यावर एका सेकंदात करंट संपला पाहिजे असे सरकारी मानकच सांगते, असेही पुढे ठोकून दिले आहे. करंट एका सेकंदात संपत असेल तर पेचकसने काढायचा तो कोणता, एवढा साधा प्रश्नही संदेश पुढे ढकलणाऱ्यांना पडला नाही, याचा मला राग येतो.

आता त्या मानकाविषयी. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३२५२ (भाग १) : २०१० हे माहिती-तंत्रज्ञान उपकरणांच्या सुरक्षिततेचे मानक आयईसी ६०९५०-१ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेले आहे, आणि त्यात एका सेकंदाचा उल्लेख खरोखरच आहे. पण तो उघड्या पडलेल्या प्लगच्या पिनांना कोणाचे बोट लागले तर झटका बसू नये यासाठी आहे. शिवाय तो सेकंद म्हणजे कालस्थिरांक, म्हणजे तेवढ्या वेळात विजेचा दाब (व्होल्टेज) शून्यावर येत नाही, मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. डब्याच्या आत, रेक्टिफायरच्या (एसी वीज एकदिश करणाऱ्या भागाच्या) पलीकडे बसलेल्या मोठ्या कपॅसिटरला हा नियम लागू नाही. २३० व्होल्टचा घरगुती पुरवठा एकदिश झाला की तिथे सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये हा आकडा ३८० च्या आसपास जातो. ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३८० व्होल्टवर भरलेला असेल तर त्यात जवळजवळ २४ जूल ऊर्जा असते. ती हळूहळू निचरून जावी म्हणून आत सहसा एक रेझिस्टर असतो, पण तोच जळालेला असेल तर साठा बराच काळ टिकतो, आणि तो जळाला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. अशा कपॅसिटरची टोके पेचकसने जोडली की ठिणगी उडते, धातू वितळून डोळ्यांत जाऊ शकतो, आणि हात चुकून टोकांना लागला तर तो झटका जीवघेणा ठरू शकतो.

या उपायात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एखाद्या बिघाडामुळे एसएमपीएसची संरक्षक यंत्रणा त्याला बंद अवस्थेत अडकवून ठेवते आणि वीज पूर्ण तोडल्यावर तो कधीकधी पुन्हा सुरू होतो. त्यासाठी डबा उघडावा लागत नाही. प्लग काढून कॅबिनेटचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, एवढेच. तरीही शंका राहिली तर मल्टिमीटर असलेल्या माणसाकडून बाहेरच्या कनेक्टरवरच मोजून घ्यावे. १२ व्होल्टची तार साधारण ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असली पाहिजे.

मुळात दुरुस्तीनंतर उद्भवलेला दोष दुरुस्तीत जिथे हात लागला तिथे आधी शोधायचा असतो, आणि संदेशात नेमके हेच नाही. पंखे फिरतात पण चित्र नाही, अशा वेळी बहुधा प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वीजजोडणी राहून गेलेली असते, रॅम खटका वाजेपर्यंत बसलेली नसते, किंवा ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते. मामींकडे ही शेवटची गोष्ट निघाली.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासणे, हा दुसरा उपाय. पट्ट्या मळल्या असतील तर फरक पडतो, हे खरे; पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि खोडरबर तो झिजवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड पुरेसे आहे.

तिसरा उपाय मदरबोर्डची सीआर२०३२ बॅटरी काढून ठेवण्याचा. याने बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामची, मांडणी (सेटिंग) पुसली जाते आणि कधी उपयोगही होतो, परंतु डिस्कचा मोड बदलून चांगले चालणारे विंडोजही उघडेनासे होऊ शकते, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती हाताशी नसेल तर बॅटरीला हात लावू नये.

हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याच्या चौथ्या उपायाविषयी एवढेच, की बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडला ते सोसत नाही.

पाचवा मुद्दा उपाय नसून आरोप आहे : कॉम्प्युटर मंद झाला म्हणजे दुकानदाराने रॅम बदलली. असे प्रकार होतच नाहीत असे मी म्हणणार नाही. पण सिल्व्हर मॉलमध्ये, म्हणजे इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, जाऊन भांडण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये रॅमची क्षमता आणि वेग पाहावा. क्षमता तीच आणि वेगच कमी दिसत असेल तर बहुतेक वेळा बायोस रिसेट झाल्यामुळे एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग, बंद पडलेली असते, म्हणजे तिसऱ्या उपायानेच पाचवी तक्रार निर्माण झालेली असते. प्रोसेसर तापून मंदावत असेल तर कूलर नीट बसला नसेल किंवा थर्मल पेस्ट लावायची राहिली असेल. क्षमताच कमी दिसली तर कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून रॅम एकदा नीट बसवून पाहावी, आणि तरीही फरक पडला नाही तर बिल घेऊन दुकानदाराकडे जावे. एसएमपीएसचे सील मात्र तोवर शाबूत असू द्यावे, कारण ते तुटले की वॉरंटी सहसा नाकारली जाते.