खराब होते जी!

चार चकरा झाल्या. चार! मे महिन्याच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मानेवाड्याहून गाडी काढून नागपुरातल्या एका जुन्या वाचनालयात. नाव नाही घेत, माझ्या जुन्या पेपरांच्या अजून बऱ्याच फायली बघायच्या राहिल्या आहेत.

काम काय, तर पणजोबा शोधायचे. आजी सांगायची, धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणून सासरी अनारसे खायला निघालेला माणूस झेंडा हातात घेऊन मिरवणुकीत घुसला आणि थेट तुरुंगात गेला. पेपरात नाव आलं होतं म्हणे. कात्रण घरात होतं, ते वाळवीनं खाल्लं. साल तर उघड आहे, झेंडा सत्याग्रह १९२३ चा. मे ते ऑगस्ट रोज चरख्याचा झेंडा घेऊन लोक सिव्हिल लाइन्सकडे निघायचे आणि रोज पकडले जायचे. आधी जमनालाल बजाज पुढे होते, ते आत गेल्यावर वल्लभभाई आले. हजारावर माणसं तुरुंगात गेली. पण मे ते ऑगस्ट म्हणजे चार महिन्यांचे अंक! तेव्हा मी जुनं पंचांग काढलं. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, म्हणजे साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. आजीच्या अनारशांनी माझे तीन महिने वाचवले.

आणि वाचनालयानं ते परत घालवले.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या भाऊंनी विचारलं, "पीएचडी करून राहिले का?" नाही म्हटलं. "मग कायले पाहिजे?" पणजोबांचं नाव शोधायचं आहे म्हटलं, तर असे बघत राहिले, जसा काही मी उधार मागायला आलोय. गाईडच्या सहीचं पत्र आणा म्हणाले. बापा, माझी गाईड आजी होती, तिला जाऊन अकरा वर्षं झाली, सही कोणाची आणू? दुसऱ्या चकरेत अर्ज दिला. तिसऱ्या चकरेत कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते साहेब लग्नाला गेले होते. दर वेळी वाक्य एकच, "जुन्या फायली आहेत, हात लागला का खराब होते जी."

चौथ्या दिवशी फाइल आली. कशी आली बघा. सुतळीनं करकचून बांधलेली, शिपायाच्या काखेत, टेबलावर धाडकन आपटली. कडेचे तुकडे पोह्यासारखे सांडले. मी फोन काढला, तर "फोटो नाही, खराब होते." फ्लॅश बंद आहे म्हटलं, तरी नाहीच. लाकडाच्या लगद्याचा तो कागद आधीच आंबट, आपोआप पिवळा पडतो, मोडतो. त्याला कोरडी हवा लागते. इथे खिडकीतला कूलर, वाळ्याच्या ओल्या ताट्यांसकट, नेमका त्या कपाटावर वारा सोडून होता! वास मस्त येत होता, हे कबूल करतो. माझ्या शेजारी फायलींच्या ढिगावर चहाचा कप ठेवलेला होता. त्यानं नाही होत खराब. माझ्या फोननं होते.

माझी मावसबहीण मेलबर्नला असते. तिकडे 'ट्रोव्ह' म्हणून सरकारी संकेतस्थळ आहे, जुने पेपर तिथे फुकट. नाव टाका, अंक समोर. मशीननं चुकीचं वाचलं तर वाचकच दुरुस्त करतात. तिनं तिच्या घराच्या जुन्या मालकाची पूर्ण कुंडली काढली, घरबसल्या. मालकाचा आणि तिचा संबंध काय? काहीच नाही! आणि मी इथे सख्ख्या पणजोबांसाठी घाम पुसून राहिलो. आपल्याकडे छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारी ग्रंथालयांना द्यायचा कायदा १९५४ चा, त्यात पेपर आले १९५६ मध्ये. तेव्हापासूनचा अंक निदान कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तरी पोचायला हवा. १९२३ च्या अंकाचा वाली हेच कपाट.

बरं, यादी सापडली. खरंच सापडली! जूनचा अंक, पकडलेल्यांची नावं, एकाखाली एक. हात थरथरत होते माझे. आणि नावं काय वाचली? "...वराव", "...नबा", "...ष्णाजी". यादी आतल्या कॉलममध्ये, आणि बाइंडरनं शिलाई इतकी आत मारलेली की प्रत्येक नावाची पहिली एक-दोन अक्षरं पुठ्ठ्याच्या पोटात. माझे पणजोबा केशवराव. पण ते "...वराव" माधवराव असू शकतात, यादवराव असू शकतात. गावाचं नाव पुढच्या ओळीला, तेही अर्धं शिलाईत. मी पान जरा उघडून, मान वाकडी करून, एका डोळ्यानं आत बघत होतो, तर मागून आवाज आला, "ओ साहेब! खराब होते ना!"

आठ रुपयांचं वाचकपत्र आहे म्हणून गप्प बसलो नाही, तिथे अजून यायचं आहे म्हणून बसलो. जाताना हळूच विचारलं, हे बाइंडिंग कोणी केलं? भाऊ एकदम खुश झाले. म्हणाले, "मजबूत आहे ना? पुढच्या महिन्यात बाकीच्या फायली पण त्याच्याकडेच देऊन राहिलो."