छोटा कुकर

दिवाळीत दादाने घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं: आजपासून घरात भात बंद. भाकरी, पनीर आणि अंड्याचं पांढरं. खाली पटापट अंगठे. त्याच्याच वर अनारशांच्या ताटाचा फोटो होता. ते कशाचे करतात हे कोणालाच आठवलं नाही.

मी जपानमध्ये, ओसाकात राहतो. इथे ओकोनोमियाकीबरोबर, म्हणजे कोबी घातलेल्या मैद्याच्या जाड धिरड्याबरोबर भात घेतात, पावात याकिसोबा, म्हणजे परतलेल्या नूडल्स भरतात, आणि तरी रस्त्यात लठ्ठ माणूस शोधावा लागतो. तांदूळ पाच किलोला चार हजार येनच्या वर गेला तेव्हा इथले कृषिमंत्री म्हणाले, मला तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, समर्थक देतात. मे 2025 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. आमच्याकडे तांदळाला शिव्या द्या, अंगठे मिळतात.

दादाने आयसीएमआरच्या, म्हणजे भारताच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अभ्यासातला आकडा टाकला: भारतीयांच्या 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. मी त्याच अभ्यासातलं पुढचं टाकलं. भाताच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणून मधुमेहाचा धोका कमी होताना दिसत नाही. कर्बोदकं थोडी कमी करून डाळी, दूधदुभतं वाढवलं तर होतो. म्हणजे वरण वाढवा ना, भाताला कशाला हाकलता! शिवाय जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांचं उदाहरण दिलं: 1949 च्या सुमारास तिथल्या आहारात 85 टक्के कर्बोदकं, त्यातही मुख्य रताळी, आणि माणसं दीर्घायुषी.

ती माणसं शेतात राबत आणि बेताचंच खात, हे मी लिहिलं नाही. जपानी माणूस 1962 मध्ये वर्षाला 118 किलो तांदूळ खायचा, आता त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, हेही नाही. ऑफिसच्या तपासणीत पुरुषांच्या कमरेची मर्यादा 85 सेंटीमीटर असते. माझी 88 भरली, ते तर नाहीच नाही.

आणि दादाला बेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली हे मला त्या फर्मानानंतर, तेही वहिनीकडून कळलं. आठ महिने झाले होते. तुला तिकडे कशाला काळजी, म्हणून सांगितलं नव्हतं म्हणे.

डिसेंबरात पुण्याला गेलो. आई म्हणाली, "तुझ्यापुरता भात लावते हं." इंद्रायणीचा वास आला. जपानचा तांदूळही तसाच चिकट, पण हा वास त्याला नाही. बाकीच्यांच्या ताटात भाकरी. माझ्या ताटात वरणभात, तूप, लिंबाची फोड. दादा माझ्या ताटाकडे बघत नव्हता.

जेवण झाल्यावर ओट्यावरचा तो छोटा कुकर उचलून पाहिला. आमच्या घरात मी तो कधी पाहिला नव्हता.

"हा कधी घेतला?"

"झाली दोन वर्षं," आई म्हणाली. "पाहुणे आले की काढते."