वरचे बावीस व्होल्ट

घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीच्या फलकावर काल एक नोटीस लागली असून, पार्किंगमध्ये ‘ॲम्प्लिफायर पंप’ चालवून सामायिक वीज व पाणी यांचे नुकसान केल्याबद्दल मला ५०० रुपये दंड झाल्याचे तीत माझ्या सदनिकेच्या क्रमांकासह जाहीर केले आहे. ॲम्प्लिफायर पंप नावाची वस्तू अस्तित्वात नाही, हे मी सेक्रेटरींना सांगून पाहिले. त्यावर, मग तुम्ही ती चालवलीत कशी, असे त्यांनी मलाच विचारले.

वास्तविक रविवारी सकाळी मी खाली उतरलो होतो तो आवाज कमी करायला. गायमुखच्या घाटात ब्रेकवर पाय ठेवून तास तास बसणाऱ्या माणसाला निदान गाणे तरी धड ऐकू यावे, म्हणून मी डिकीत सबवूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर, आणि त्याला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. पण बसवणाऱ्याने ॲम्प्लिफायरवरचा गेन आणि खर्ज वाढवणारा बेस बूस्ट शेवटपर्यंत पिळून, ‘साहेब, फुल्ल सोडलंय, पैसा वसूल’ अशा आशीर्वादासह गाडी माझ्या हवाली केली. तेव्हापासून गाडीत तबल्यापेक्षा नंबरप्लेटच अधिक वाजत असे. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलचे व्होल्टेज आणि ॲम्प्लिफायरची भूक यांचा मेळ घालण्यासाठी ते असते; ते अति वाढवले की ध्वनिलहरींचे गोल माथे छाटले जाऊन सपाट होतात, आवाज फाटतो आणि सबवूफरची कॉइल तापून एक दिवस जळते. हे मी त्या दुकानदाराला समजावले तेव्हा त्याने माझ्याकडे, पोळीवर तूप नको म्हणणाऱ्या पाहुण्याकडे पाहावे, तसे पाहिले होते.

म्हणून मल्टिमीटर घेऊन मी स्वतःच डिकीत शिरलो. ॲम्प्लिफायरचे ३०० वॅट गुणिले सबवूफरचे ४ ओहम म्हणजे १२००, आणि त्याचे वर्गमूळ ३४.६, म्हणजे बेस बूस्ट शून्यावर, स्टिरिओचा आवाज ३५ पैकी २६ वर आणि पेनड्राइव्हवरचा ५० हर्ट्झचा सूर चालू ठेवून, मीटरवर ३४.६ व्होल्ट दिसेपर्यंत गेन स्क्रूड्रायव्हरने हलकेच वाढवायचा. मोजताना सबवूफरची तार काढून ठेवावी लागते, त्यामुळे सबवूफर मुका होता. त्या शांततेत तिसऱ्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. काका वीजखात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि सोसायटीतील कोणाच्याही घरचा बल्ब गेला तरी ही गोष्ट ते प्रथम सांगतात.

“किती दाखवतोय?” त्यांनी विचारले.

“चौतीस पॉइंट सहा, काका.”

“आणि बॅटरी?”

मी भोळेपणाने बॅटरीही मोजून दाखवली. ती १२.६ भरली. काकांनी दुधाची पिशवी बॉनेटवर ठेवली, डोळे मिटून वजाबाकी केली आणि अतिशय हळू आवाजात, जणू मला पळून जाण्याची एक संधी देत, विचारले, “मग वरचे बावीस व्होल्ट कुठून आले?”

ॲम्प्लिफायरच्या आत बॅटरीचे बारा व्होल्ट वाढवून घेणारा वीजपुरवठा असतो, हे मी त्यांना तीन प्रकारे सांगितले. “अरे, व्होल्टेज काय इडलीचं पीठ आहे, रात्री ठेवलं की सकाळी फुगायला?” एवढे बोलून त्यांची नजर खांबावरच्या प्लगकडे गेली. तो प्लग सोसायटीच्या सामायिक मीटरवरचा. त्यातून माझ्या गाडीपर्यंत कोणतीही वायर आलेली नव्हती, परंतु वायर न दिसणे हाच चोरीचा पुरावा असतो, असा त्यांचा अनुभव होता. वीजखात्यात ते हयातभर बिलिंग विभागात होते, हे मला नंतर त्यांच्या सूनबाईंकडून कळले.

काका सेक्रेटरींकडे गेले आणि मी सबवूफरची तार जोडून, फेजची, म्हणजे सबवूफरची लहर सरळ सोडायची की उलटी हे ठरवणारी, कळ शून्यावर ठेवावी की १८० वर हे ऐकण्यासाठी, आवाज बराच उतरवून तोच सूर पुन्हा लावला. येथे माझी चूक झाली, हे मी मान्य करतो. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांबीची असते आणि एवढा खर्ज नेमका कोठून येतो हे कानाला ओळखता येत नाही. आठला पाळी बदलून आलेल्या वॉचमनने ती घूं घूं ऐकली, रात्रपाळीवाला जाताना पंप चालू करून गेला असा समज करून घेतला आणि तो निश्चिंत मनाने वर्तमानपत्र वाचत बसला. दहाच्या सुमारास सातव्या मजल्यावरून, डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत, पहिली हाक आली.

चूक झाली हे खरे. परंतु भाद्रपदात याच फाटकासमोर आवाजाच्या भिंती लावलेले ट्रक उभे राहतात तेव्हा माझ्या कपाटातील काचेचे पेले चालत कडेला येतात, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालणारे २००० सालचे नियम मी कमिटीला दाखवले तेव्हा मला ‘वर्षातून एकदाच असतं हो’ असे ऐकवून पाचशे एकची वर्गणी घेण्यात आली होती. त्या ट्रकांच्या वरच्या बावीस व्होल्टांची चौकशी काकांनी कधी केलेली नाही. ते तेथे पेढे वाटत होते.

दंड मी भरला. पावतीवर कारणाच्या रकान्यात सेक्रेटरींनी थोडा विचार करून ‘पंप’ असे लिहिले आहे. खांबावरचा प्लग आता सेलोटेपने बंद केला असून, संध्याकाळी फेरफटका मारून येताना काका तो शाबूत आहे ना हे बोटाने दाबून पाहतात आणि मग माझ्या डिकीकडे पाहतात.